तुलनेचा डोह

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या फ्रिजच्या ओलीनं गळून पडल्या होत्या. त्यात विशेष काही नव्हतं, आमच्या विभागाचा फ्रिज जुना आहे, त्याला घाम फुटतो, आणि त्याबद्दल दर वर्षी एक अर्ज जातो. मी दोन्ही बाटल्या उचलून खिडकीशी नेल्या. गेले दोन उन्हाळे मला चिठ्ठी वाचायची गरजच पडली नव्हती. खालच्या डोहाचं पाणी पाण्यासारखं असायचं आणि वरच्या डोहाचं मुगाच्या कढणासारखं. चिठ्ठ्या लावायच्या त्या नियम म्हणून. त्या सकाळी धुळ्याच्या देवपुरातल्या त्या खिडकीत, बाहेर पोरी गाड्या लावत होत्या, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं, आणि मी दोन्ही हातांत दोन बाटल्या धरून उभी होते आणि मला कोणती कुठली ते सांगता येईना. पलीकडच्या इमारतीवरची पाटी दोन्हीतून सारखीच दिसत होती. आधी वाटलं, डोळे. मग वाटलं, मीच वेंधळ्यासारखं एकाच डोहाचं पाणी दोन्ही बाटल्यांत भरलं. पण तसं झालेलं नव्हतं, दोन्हीकडे पाण्यात उतरल्याचं मला पायांनी आठवत होतं. वरच्या डोहाशी गोटा फार निसरडा आहे आणि तिथं मी घसरले होते. गढूळपणा मोजायचं यंत्र पुसलं, लावलं, पुन्हा पुसलं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी आले. मी खुर्चीवर बसले आणि पाणी प्यायले, नळाचं.

माझं काम काय आहे हे नातेवाइकांना सांगताना माझी नेहमी फजिती होते. समुद्रकाठी कालवं असतात. एकावर एक चिकटून ती पाण्याखाली बांध तयार करतात. जगात ठिकठिकाणी माणसांनी ते बांध खरवडून खाल्ले, आणि मग पाणी घाण झालं, मासे गेले, किनारे खचले, तेव्हा लोकांना अक्कल आली आणि त्यांनी जुने शिंपले टाकून टाकून बांध पुन्हा उभे केले. एकेक कालव दिवसभर पाणी आत घेतं, त्यातला गाळ आणि शेवाळ खातं आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडतं. ते बांध परत आल्यावर पाण्याचं काय झालं, यावर जगभर कितीतरी लोक काम करतात. त्यांचे निबंध वाचून माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण झालं आहे. मी स्वतः कालव पाहिलेलं नाही. समुद्र एकदा पाहिला, तोही ओहोटीचा. खानदेशात समुद्र नाही, पण नद्यांत शिंपले आहेत, म्हणजे होते. तेही तेच काम करतात, फक्त बांध बांधत नाहीत, चिखलात अर्धे रुतून बसतात. माझे मार्गदर्शक हितेंद्र सर धुळ्याकडचे. ते पहिल्या भेटीत म्हणाले होते, "समुद्रवाल्यांनी त्यांचं पाहिलं. आपण आपलं पाहू." एवढ्यावर माझा विषय ठरला. अम्मीनं फक्त एक विचारलं, ते खायचे तर नाहीत ना? खायचे नाहीत म्हटल्यावर तिला त्या प्राण्याबद्दल काही तक्रार उरली नाही. खाला, माझी मावशी, मात्र अजून विचारते, की जळगावची पोरगी धुळ्यात राहून समुद्राचं काय शिकते.

डोह मला अब्बांमुळे मिळाले. अब्बा, म्हणजे नजीरभाई, जळगावच्या मेहरुणमध्ये मोटारी भरतात. शेतातल्या पाण्याच्या मोटारीची कॉइल जळली की ती आमच्या दुकानात येते. लहानपणी शाळेतून आल्यावर मी तांब्याच्या तारेच्या रिळांमध्ये बसून अभ्यास करायची आणि वार्निशच्या वासानं डोकं दुखतं असं सांगून उठायची. नशिराबादच्या पुढं, वाघूर नदीच्या काठी केळी लावणारे तोतारामभाऊ आणि बेबाबाई आमच्याकडे मोटार घेऊन यायचे ते दरवर्षी. मोटार वाईट नव्हती, पाणी वाईट होतं. उन्हाळ्यात वाघूरची धार तुटते आणि डोह तेवढे उरतात. डोहातलं पाणी हिरवं होतं, ते हिरवं फूटव्हॉल्व्हमध्ये बसतं, ठिबकच्या फिल्टरमध्ये बसतं, आणि मोटार दम लागून जळते. अब्बांनी मला एकदा फोनवर म्हटलं, तुला घाण पाणी पाहिजे ना, ये, मी दाखवतो. मला जे पाहिजे होतं ते त्याहून चांगलं निघालं: दोन डोह, एकाच नदीचे, जवळपास एकाच खोलीचे, मध्ये कोसभर कोरडी रेती आणि खडक. खालचा बेबाबाईंच्या मळ्याशी. वरचा भिकुबाई म्हणून एक होत्या त्यांच्या मळ्याशी. मी वनखात्याच्या आणि मत्स्यखात्याच्या दाराशी चपला झिजवून तापीतून शिंपले आणायची परवानगी काढली, प्रत्येकाच्या पाठीवर रंगानं क्रमांक घातला आणि ते सगळे खालच्या डोहात सोडले. वरचा डोह तसाच ठेवला. दोन्हीकडचं पाणी दर महिन्याला मोजायचं. दोघांत जो फरक पडेल तो शिंपल्यांनी पाडला, असं मग छातीठोक म्हणता येतं. ज्याला हात लावायचा नाही त्याला आमच्यात तुलनेचा डोह म्हणतात.

पहिल्या उन्हाळ्यात फारसं काही झालं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात खालचा डोह निवळला. बेबाबाई स्वतः मला बाहीला धरून घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "पाह्य, खालचे गोटे दिसू राह्यले." त्यांचा आवाज असा होता, जणू ते गोटे मीच पाण्यात नेऊन ठेवले आहेत. त्या दिवसापासून मी त्यांना अक्का म्हणू लागले आणि त्यांनी मला नजीरभाऊची पोर म्हणायचं सोडून हुमा म्हणायला सुरुवात केली. फिल्टर रोज उघडून घासायचा तो आठवड्यावर गेला. मोटार आमच्या दुकानात आली नाही. अब्बा म्हणाले, पोरगी शिकली आणि बापाचं गिऱ्हाईक तोडलं. त्यांना फार आनंद झाला होता.

त्या सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये दोन्ही बाटल्या घेऊन गेले. सर जूनमध्ये निवृत्त होणार होते. त्याच्या आत प्रबंध सादर झाला तर झाला. नाहीतर नवीन मार्गदर्शक, नवीन नोंदणी, आणि हे शिंपल्यांचं वेड घेणारा दुसरा मनुष्य आमच्या विद्यापीठात मला ठाऊक नव्हता. सरांनाही नव्हता. म्हणून त्यांनी बाटल्या पाहिल्यावर चष्मा काढला आणि डोळे चोळले. रागावले किंवा घाबरले की ते आईच्या भाषेत, अहिराणीत जातात. "काय व्हयनं हाई?" ते म्हणाले. मी म्हटलं, माहीत नाही. थंडीत दोन्ही डोह थोडे निवळतात म्हणून मी दोन-तीन महिने गप्प बसले होते. आता मार्च अर्धा गेला, ऊन चढलं, वरचा डोह एव्हाना हिरवागार हवा होता. सरांनी दोन्ही बाटल्या पुन्हा उजेडात धरल्या. मग म्हणाले, "कोनी तरी वर शिंपला टाकेल शे. जाय, दख. व्हतीन तर बठ्ठा काढी ले. उन्हाळा शे, महिनामा पानी परत हिरवं व्हई जाई. मधला महिना आपण गाळू." मग त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं, कारण लगेच शुद्ध बोलू लागले. "गाळू म्हणजे तसं लिहू. व्यत्यय आला होता असं लिहू. त्यात खोटं काही नाही." खोटं नव्हतंच. ते चांगले आहेत, माझ्यासाठी त्यांनी कितीतरी दारं ठोठावली आहेत, आणि मला त्यांचा तो चष्मा काढलेला चेहरा पाहवत नव्हता.

जळगावच्या गाडीत खिडकी मिळाली. पारोळा गेलं, एरंडोल आलं, आणि मी बाहेर पाहत होते पण डोक्यात तो तुलनेचा डोह. कोणाला हात न लावता तसंच ठेवणं, हे ऐकायला किती सोपं वाटतं. आमच्या घरात मिसबाह आणि मी, दीड वर्षाच्या अंतरानं झालेल्या दोघी बहिणी. मिसबाहचं लग्न झालं, ती पाचोऱ्याला गेली, तिला दोन मुलं झाली, तिचं बोलणं बदललं, हसणं बदललं, हात बदलले. मी तीच राहिले. ईदला सगळे जमले की बायका आधी तिच्याकडे पाहतात, मग माझ्याकडे, आणि फरक मोजतात. मी वाईट वाटून घेत नाही, मोजणं हे माझंही काम आहे. पण आहे तसं कोणी राहत नाही हेही मला त्या गाडीत कळत होतं. इतकी वर्षं धुळ्यात एका खोलीत राहून, संध्याकाळी पांझरेच्या पुलावरून चालून, एकटीनं चहा करून पिऊन मीही काहीतरी झालेच असणार; फक्त ते मोजायला दुसरी कोणी हुमा कुठं ठेवलेली नव्हती. असं काही मनात आलं की मी स्वतःला दटावते. प्रबंध लिहिणाऱ्या बाईनं गाडीत बसून तत्त्वज्ञान करू नये, तिनं संदर्भसूची नीट करावी.

मग दिपमाला आठवली. अक्कांची लेक. ती वरच्या मळ्यात दिलेली आहे. भिकुबाई तिची सासू. दर महिन्याला मी वरच्या डोहाशी पाणी भरायला जायची तेव्हा ही काठावर फिल्टरची जाळी मांडीवर घेऊन ब्रशनं घासत बसलेली असायची. तिचे हात कोपरापर्यंत हिरवे. भिकुबाई वर बांधावरून बोलत असायच्या, कधी तिच्याशी, कधी नुसत्याच. मागच्या उन्हाळ्यात दिपमालानं मला विचारलं होतं, "ताई, आमच्याकडं कधी टाकशीन?" मी हसत हसत म्हणाले होते, "तुमच्याकडे नाही टाकायचे. तुमचं आहे तसंच राहायला पाहिजे." तीही हसली होती. आता गाडीत ते हसणं मला पुन्हा दिसलं आणि मी खिडकीतून तोंड आत घेतलं. मी काही चुकीचं बोलले नव्हते. पद्धतच तशी आहे. तरी ते वाक्य एरंडोलपासून जळगावपर्यंत माझ्या शेजारी बसून आलं.

दुसऱ्या दिवशी अब्बांची स्कूटी घेऊन मी आधी वरच्या डोहाशी गेले. काठावर कुणी नव्हतं. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. शिंपला डोळ्यांनी शोधत नाहीत, पायांनी शोधतात. तळव्याखाली चिखल, चिखलात कुजलेली पानं, खडा गोल लागतो, खापर सपाट लागतं, आणि मध्येच एक धार लागते, पातळ, सरळ, उभी. आणि ती धार तुम्ही पाय ठेवला की मिटते. पाण्याखाली कुणीतरी दार ओढून घ्यावं तशी. मला ही जाणीव इतकी आवडते की घरी अंघोळ करतानाही पाय कधी कधी तिला शोधतात. तीन पावलांवर ती लागली. मी वाकून हात घातला, शिंपला वर काढला, चिखल पुसला. पाठीवर माझ्या हातचा क्रमांक होता, लाल रंगात, चारचा आकडा मी नेहमी काढते तसा उघडा. मी तो हातात धरून पाण्यात उभी राहिले. शिंपल्याची बारीक फट थोडी उघडली आणि बंद झाली. मला राग यायला हवा होता. आला नाही. मागून आवाज आला, "सापडला का?" दिपमाला काठावर उभी होती. तिचे हात कोरडे होते आणि त्यांत नव्या बांगड्या होत्या. ती म्हणाली, "आईनं वानोळा धाडला व्हता, दिवाळीले. ताई, पानी पाह्यलं ना?" तिला वाटत होतं मी खूश होईन.

वानोळा म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मळ्यात, झाडाला, गोठ्यात पहिलं जे चांगलं येईल ते आधी लेकीच्या, शेजारच्या, सोयऱ्याच्या घरी जातं. मग आपल्या ताटात. अक्का मला दर खेपेला केळीची फणी देतात, आणि अम्मी त्यातली अर्धी लगेच भिंतीपलीकडे देते. मी खालच्या मळ्यात गेले तेव्हा अक्का झोपडीच्या सावलीत ज्वारी निवडत होत्या आणि तोतारामभाऊ बाजेवर पडले होते. मी चप्पल काढून समोर बसले. कसं सुरू करावं ते कळेना. शेवटी सरळच विचारलं, "अक्का, वरच्या डोहात शिंपले तुम्ही पाठवले?"

"मी धाडले," त्या म्हणाल्या. "दिपू आली व्हती दिवाळीले, जातांना देले. घमेलंभर आसतीन. तुह्या भाऊनं ओल्या गोनपाटात गुंडाळून गाडीवर नेले."

"एकबी मेला नही," तोतारामभाऊ बाजेवरून म्हणाले.

"मी सांगितलं होतं ना, डोहातले शिंपले काढायचे नाहीत म्हणून?"

अक्कांनी सूप खाली ठेवलं. "तू सांगतलं व्हतं, इकू नका, खाऊ नका. इकले नही. आन आमच्यात ते कोनी खात नही. लेकीले देऊ नका, आसं तं तू नही म्हनली." त्यांना हे भांडण वाटत नव्हतं, त्या आठवून पाहत होत्या, आपल्याकडून काही राहिलं का. "तिची सासू रोज बोले, बाई. तुह्या माहेरचं पानी चांगलं, आन आमच्या इथं तू घान घिऊन आली म्हने. दोन वर्सं आमच्याशी बोलनं बंद व्हतं. पोर रोज जाळी घासे. आता माह्या डोहात शिंपले सुखानं बसेल, आन लेकीच्या डोहात नही, हे मी कसं पाहू?"

मी त्यांना सगळं पुन्हा समजावलं. एकात शिंपले, एकात नाही. दोघांत फरक दिसला तरच लोक मानतील की पाणी शिंपल्यांनी निवळलं. नाहीतर म्हणतील, पाऊस बरा झाला होता, धरणातून पाणी सुटलं होतं. दोन्ही सारखे झाले तर माझं काम काहीच सांगत नाही. जूनच्या आत द्यायचं आहे, नाहीतर सगळं पहिल्यापासून. सर म्हणतात वरचे काढून आणा. हे शेवटचं वाक्य मी खाली पाहून बोलले.

अक्कांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "लेकीच्या सासरी देलेलं परत आनता का कव्हा? तिनं मंग त्या घरात कसं ऱ्हावं? तिची सासू आता कुठं बोलू राह्यली. परवा मले फोन केला तिनं, सोताहून. केळीचं इचारलं." त्यांनी हातातल्या दाण्यांतला एक खडा वेचून फेकला. "तुले एक डोह रिकामा पाह्यजे ना?"

"हो."

"कोनताबी?"

मी तीन वर्षं ह्या दोन डोहांचा विचार करत होते, आणि माझ्या मनात खालचा हा नेहमी भरलेला आणि वरचा हा नेहमी रिकामा, जसं काही ते देवानं लिहून ठेवलं होतं. खालचे काढले आणि पाणी पुन्हा हिरवं झालं, तर ती शिंपल्यांची पावती नाही तर काय? उलट जास्त पक्की. वरचा भरल्यावर निवळला, खालचा काढल्यावर बिघडला. कुणी बोट ठेवू शकणार नाही. "कोणताही चालेल," मी म्हणाले. "पण अक्का—"

"मंग हा कर."

"तुमचं पाणी पुन्हा हिरवं होईल."

"व्हईल?"

"व्हायला हवं," मी म्हणाले, आणि हे मी कोणाला सांगते आहे हे लक्षात येऊन मला स्वतःची लाज वाटली.

अक्कांनी तोतारामभाऊंकडे पाहिलं. ते कूस बदलून म्हणाले, "पह्यले व्हतंच की." एवढ्यावर त्या घरात निर्णय झाला. आमच्या विद्यापीठात एवढ्या गोष्टीसाठी तीन समित्या बसल्या असत्या. मी सरांना फोन लावला. ऐकल्यावर त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "हाई ते भारी शे, हुमा. काढ, आजच काढ. यानामुळे तुना प्रबंध आखो मोठा व्हई." ते खरंच होतं. मला ते त्यांच्या आधी कळलं होतं. फोन ठेवताना मला सर आवडेनासे झाले होते, आणि त्यात त्यांचा काहीएक दोष नव्हता.

दुपारभर आम्ही दोघी खालच्या डोहात होतो. अक्कांनी लुगडं गुडघ्यांवर खोचलं आणि पाण्यात शिरल्या. मी सांगायच्या आत त्यांचे पाय शोधू लागले होते. बायकांना भांडी घासताना न पाहता चमचा सापडतो तसे. एकेक शिंपला वर काढून त्या त्याचा चिखल पाण्यातच हलवून धुवायच्या, मग माझ्या घमेल्यात ठेवायच्या, टाकायच्या नाहीत. पाणी कमरेपर्यंत होतं आणि स्वच्छ होतं. त्यांची बोटं, माझी बोटं, तळाचे गोटे, लहान मासे, सगळं दिसत होतं. हळूहळू आमच्याच चालण्यानं ते गढूळ झालं. मला वाटत होतं, बोलावं. म्हणावं, अक्का, राहू द्या, मी जून सोडून देते. पण मी ते बोलले नाही, कारण जून मला हवा होता. तीन वर्षं मी उन्हात ह्यासाठी फिरले होते, अब्बांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगून ठेवलं होतं की पोरगी डॉक्टर होणार, सुई टोचणारी नाही, पाण्याची. घमेली भरली. तोतारामभाऊंनी शिंपले गोणपाटात बांधून वर नेले आणि भिकुबाईंच्या डोहात सोडले. मी तिथं नव्हते. अक्का म्हणाल्या की त्यांच्या विहिणीनं गाडी थांबवून भाऊंना चहा पाजला, घरात बोलावून.

त्यानंतर मी दर आठवड्याला खालच्या डोहाशी जायची. काळी-पांढरी चकती दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि कुठं दिसेनाशी होते ते पाहायचं. पहिल्या आठवड्यात ती तळाला टेकेपर्यंत दिसली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्यावर धस्स झालं, कारण माझं बरं वाटणं माझ्याच प्रबंधाच्या विरुद्ध जात होतं. दुसऱ्या आठवड्यातही ती दिसली. सर फोनवर विचारायचे, "हिरवं व्हयनं का?" आजारी माणसाचा ताप विचारावा तसं, फक्त ह्यांना तो चढायला हवा होता. रात्री खोलीत पहिलं प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं. कुठल्या कुठल्या किनाऱ्यांवरचे ते बांध, ते स्वच्छ झालेले समुद्र. आणि मला पहिल्यांदा वाटलं, तिथंही कुठला तरी तुकडा तुलनेसाठी घाण ठेवला असेल, आणि त्याच्या काठी कुणीतरी राहत असेल. निबंधात त्यांचं नाव नव्हतं. पाणी हिरवं होऊ नये असं मला वाटू लागलं. आपलं चुकलेलं निघावं, शिंपल्यांचा काही संबंधच नसावा, डोह आपोआप निवळले असावेत, अशी मी मनोमन मागणी करत होते. अम्मीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, अशी दुआ कुणी करतं का. मी करत होते. आणि दुसऱ्या क्षणाला जून आठवून ती मागे घेत होते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेल्यावर मी गेले तेव्हा चकती हातभर खाली गेली आणि नाहीशी झाली. मी ती वर ओढली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथंच नाहीशी. पाण्यावर कडेला हिरवी साय धरली होती. मी बाटली भरली, तिच्यावर चिठ्ठी लावली, तारीख घातली. अक्का मळ्यातून आल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "आलं ना?"

"आलं, अक्का."

"थांब." त्या झोपडीत गेल्या आणि साखरेची डबी घेऊन आल्या. माझा हात पुढं करवून त्यांनी चिमूटभर साखर माझ्या तळव्यावर ठेवली. त्यांच्या बोटांच्या रेषांत, नखांच्या कडांना हिरवं बसलं होतं. "पास झाली ना मंग? नजीरभाऊले सांगजो, आम्हीबी पेढे खायले येऊ."

मी साखर तोंडात टाकली. मला आनंद झाला होता. तो मी लपवू शकत नव्हते आणि तो घेऊन कुठं जावं तेही कळत नव्हतं. अक्का सांगत होत्या, आखाजीला दिपू आली होती, यंदा सासूनं दोन दिवस आधीच धाडली, झोक्यावर इतकी बसली की चक्कर आली. मी मध्येच म्हणाले, "अक्का, झालं माझं काम. उद्या येते आणि वरचे अर्धे शिंपले काढून आणते. पावसाच्या आधी ते बसतील इथं पुन्हा."

त्यांनी डबीचं झाकण नीट दाबून लावलं. "नको बाई. ते तिकडचे झाले आता."

"पण ते तुमचेच होते. आपण ते तेवढ्यापुरते नेले होते."

"तू नेले तेवढ्यापुरते," त्या म्हणाल्या. "मी देले व्हते."

तापीतून पुन्हा आणायची परवानगी मिळणार नव्हती, ती एकदाच मिळाली होती, आणि हे त्यांना मीच कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे त्या दुपारी कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून, एकेक शिंपला धुऊन माझ्या घमेल्यात ठेवताना त्यांना ठाऊक होतं की हे आता परत यायचे नाहीत. मला ठाऊक नव्हतं. मी समजत होते, आपण प्रयोग करतो आहोत. मला रडू आलं, आणि अक्कांना वाटलं ते पास झाल्याचं आहे. त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले. पदवी मला त्या क्षणीही नको झाली नाही. मी ती घेणार होते, घेतली, आणि ती कुणाच्या पाण्यावर मिळाली ते मला कायम माहीत राहील.

मग त्या फिल्टरची जाळी घेऊन काठावर बसल्या आणि घासायला लागल्या. मी शेजारी जाऊन बसले, ब्रशसाठी हात पुढं केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तुह्ये हात खराब व्हतीन."